आधी पदवी की थेट फ्लाइंग?

साताऱ्यातल्या माझ्या भाच्याची फिजिक्स-गणित घेऊन बारावी झालीय. थेट सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना), की आधी बीएस्सी?

वेळेत थेट वाट सरस, तीनेक वर्षं वाचतात. खर्च मात्र लगेच अंगावर येतो: परवान्यासाठीच्या २०० तासांच्या उड्डाणाला लाखो रुपये, तेही बहुधा जमीन तारण ठेवून.

खरी मेख मेडिकलची. क्लास टू, म्हणजे प्राथमिक वैद्यकीय प्रमाणपत्र, मिळालं म्हणून लगेच फी भरू नका. सीपीएलला त्याहून कडक क्लास वन लागतं, आणि ते किमान दरवर्षी नव्याने. त्यात आड येणारा जन्मजात रंगांधळेपणा तर उपचाराने जातच नाही.

क्लास वन हातात असेल, कर्ज झेपत असेल, तर थेट जावं. घरात मधुमेह, हृदयविकार असेल, म्हणजे पुढे मेडिकल अडण्याची भीती असेल, आणि तारणाला एकच शेत असेल, तर आधी पदवी. भाच्याला मी तेच सांगितलं.