कमकुवत भागात लढायचं की हक्काच्या जागांवर जोर लावायचा?

उमेदवारी ठरवायला बसलेल्या प्रत्येक पक्षात या प्रश्नावरून दोन तट पडतात. दोघांकडेही खरे दाखले आहेत.

मोजक्या जागांवर जोर लावा म्हणणारे ब्रिटनकडे बोट दाखवतात. १९९७ मध्ये तिथल्या लिबरल डेमोक्रॅट्स या पक्षाची मतं १७.८ टक्क्यांवरून १६.८ वर घसरली, जागा मात्र २० वरून ४६ झाल्या. पैसा आणि कार्यकर्ते त्यांनी जिंकण्याजोग्या मतदारसंघांत एकवटले होते. उलट २०२४ मध्ये तिथल्याच रिफॉर्म यूके या पक्षाला देशभर पसरलेली १४ टक्के मतं मिळूनही जागा पाचच आल्या. सर्वाधिक मतं घेणारा जिंकतो, त्या पद्धतीत विखुरलेली मतं अशी वाया जातात. पण १९९७ मध्ये लिबरल डेमोक्रॅट्सचे उमेदवार जवळजवळ सगळीकडे उभे होते, हे सांगायचं राहून जातं. उमेदवार देणं आणि ताकद लावणं हे दोन वेगळे निर्णय आहेत, आणि बैठकीत नेमकी याचीच गल्लत होते.

सगळीकडे लढण्याचा हिशेब आम आदमी पक्षाच्या २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत नीट दिसतो. चारशेहून अधिक उमेदवार, बहुतेकांची अनामत जप्त, आणि ज्या दिल्लीत पक्ष जन्मला तिथे एकही जागा नाही. निवडून आलेले चारही खासदार पंजाबचे! तिथे उमेदवारच दिले नसते, तर आपल्याला तिथे जमीन आहे हे पक्षाला कळलंच नसतं. पुढे २०१७ मध्ये पंजाब विधानसभेत २० आमदार आले आणि २०२२ मध्ये ११७ पैकी ९२. बाकीच्या बहुतेक राज्यांत मात्र त्या लढाईतून फारसं काही उभं राहिलं नाही.

कमकुवत भागात लढा म्हणणारे त्रिपुराचंही नाव घेतात. तिथे भाजप २०१३ मध्ये दीड टक्के मतांवर होता. २०१८ मध्ये सत्तेत आला. मधल्या काळात संघटन बांधलं गेलं, तसे विरोधी बाकांवरचे आमदारही फुटून आले. म्हणून हा दाखला देताना जपून द्यावा.

प्रमाणशीर प्रतिनिधित्व, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा, असेल तर वाद फारसा उरत नाही. दूरच्या भागातलं मतही एकूण बेरजेत धरलं जातं, तेव्हा लढावं.

खरी अडचण मतविभागणीची. आपला दुबळा उमेदवार मित्रपक्षाचीच मतं खाणार असेल, तर जागा सोडण्यात कमीपणा नाही. जर्मनीत सीडीयू हा पक्ष बव्हेरिया राज्यात उमेदवार देत नाही, आणि त्याचा मित्रपक्ष सीएसयू बव्हेरियाबाहेर लढत नाही. पण सोडलेल्या भागात आपला कार्यकर्ता घडत नाही, आणि युती तुटली की तिथे शून्यापासून सुरुवात करावी लागते.

माझा कल लढण्याकडे आहे, पण एका अटीवर. हरलेली निवडणूकही केंद्रनिहाय आकडे देऊन जाते: कुठल्या वस्तीत दहा मतं पडली, कुठे दीडशे. ती यादी घेऊन निकालानंतरच्या महिन्यात त्या दीडशे मतांच्या वस्तीपर्यंत जाणारं कोणी आहे का, हे अर्ज भरण्याआधी विचारा. तिथलाच माणूस असेल, पाच वर्षं राहणार असेल, तर अनामत गेली तरी लढा. बाहेरून आणून उभा केलेला, निकालाच्या संध्याकाळी परतणारा उमेदवार असेल, तर तो पैसा काठावरच्या जागेवर लावा आणि त्या भागात आधी स्थानिक निवडणुकांपासून सुरुवात करा.