दांडिया बाजारातले वकील, पोटगीसाठी
बहिणीच्या लेकीच्या पोटगीसाठी दांडिया बाजारातल्या एका वकिलांकडे गेलेलो. आम्हाला वाटलेलं पगाराचे अमुक टक्के असा फॉर्म्युला असेल, तर ते म्हणाले ताई तसं ठरलेलं काही नसतं, आई-वडील दोघांची कमाई, डोक्यावरचं कर्ज, मुलीचा खर्च सगळं कोर्ट बघतं, आणि सुप्रीम कोर्टाच्या 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनाही कमाई-मालमत्तेचं अ‍ॅफिडेव्हिट द्यावंच लागतं. मग शाळेच्या फीपासून रिक्षावाल्या काकांच्या महिन्याच्या पैशांपर्यंत सगळं वहीत लिहायला लावलं, चष्म्याचं बिलसुद्धा सोडलं नाही! पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात हेही तिथेच कळलं. फी आधीच सांगितली ते बरं, पण दोनदा तासभर बसवून ठेवलं वर झेरॉक्सचे वेगळे घेतले, ते काय पटलं नाही. चार स्टार.