रासेयोचं शिबिर अनुदान : सहा हिवाळ्यांचा अनुभव

‘कार्यक्रम अधिकारी होणार का?’ असं आमच्याकडे कुणी विचारत नाही, थेट पत्र हातात येतं. मी अर्थशास्त्र शिकवते, म्हणजे मला हिशेब येत असणार, असा प्राचार्यांचा कयास. त्यामुळे राष्ट्रीय सेवा योजनेच्या (रासेयो) अनुदानाशी माझा सहा वर्षं संसार झाला. नव्याने हे पत्र हातात पडलेल्यांसाठी हा अभिप्राय. पाचपैकी साडेतीन तारे.

योजना जुनी आहे. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास काम करायचं आणि दत्तक गावात सात दिवसांचं विशेष शिबिर करायचं. माझ्या वेळी त्या शिबिरासाठी माणशी ४५० रुपये मिळत. पन्नास पोरांचे साडेबावीस हजार. आता साताने भागून बघा. माणशी दिवसाला चौसष्ट रुपये आणि वर थोडे पैसे. त्यात दोन वेळचं जेवण, चहा-नाश्ता, जाण्यायेण्याची गाडी, समारोपाचा मांडव आणि बॅनर. पाहुण्या वक्त्याला नारळ-शाल द्यायची तर ती घरच्या कपाटातून. पुढे दर वाढले, पण तोवर गॅसही वाढला होता.

रकमेसाठी मी अर्धा ताराही कापला नाही, कारण कमी पैशात शिबिर होतं. कापला तो वेळेसाठी, आणि पूर्ण एक तारा. शिबिर डिसेंबरात, पैसे कधी मार्चअखेर, तर एकदा पुढच्या पावसाळ्यात. मधल्या काळात किराणा दुकानदार रस्त्यात भेटला की मी फोन कानाला लावायचे. एका वर्षी पतसंस्थेतून पंधरा हजार उचलले, तेव्हा घरून विचारणा झाली, ‘कॉलेज तू चालवतेस का?’

उरलेला अर्धा तारा व्हाउचरांपायी गेला. माण तालुक्यातल्या आठवडी बाजारात कोथिंबीर विकणारी मावशी बिल कुठून देणार? ‘बाई, जुडी घ्यायची तर घ्या, सही-बिही मागू नका,’ असं मला स्पष्ट ऐकवलंय तिने. शेवटी एका पोराने पावतीपुस्तक आणलं, मावशीचा अंगठा घेतला आणि तिला दोन जुड्यांचे जादा पैसे दिले. त्या जादा पैशांची नोंद अर्थातच कुठे नाही.

आता साडेतीन तारे कशाचे, तेही सांगते.

माझं दुसरं शिबिर. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलं, समाजमंदिरात मुली. यातली निम्मी सवलतीच्या दहा गुणांसाठी आलेली, हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांनाही. पहिल्या दिवशी फावडं कसं धरायचं यावरच हशा. ओढ्यावर वनराई बंधारा घालायचा होता. सिमेंटची रिकामी पोती वाळू-मातीने भरायची, तोंडं शिवायची, विटांसारखी सांधेमोड करत रचायची आणि फटींत चिखल थापायचा. खर्च जवळजवळ नाही, अंगमेहनत मात्र भरपूर. आमच्या पैशांत पोतीही बसत नव्हती. मग मुली घरोघर फिरल्या. कुणाच्या बांधकामाची उरलेली, कुणाची पेंडीची, तर एका आजीने गोठ्यातल्या म्हशीखाली अंथरलेलं पोतं धुऊन दिलं. तिसऱ्या दिवसापासून भाकरीही गावातून येऊ लागल्या. आळीने वार लावून घेतले. संध्याकाळी टोपल्यातून बाजरीच्या गरम भाकरी यायच्या आणि आमचा स्वयंपाकी नुसतं कालवण करायचा.

पाचव्या दिवशी बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला गुडघाभर पाणी साठलं. एक बीकॉमचा मुलगा, जो चार दिवस ‘नेटवर्क नाही’ म्हणून कुरकुरत होता, तो रात्री बॅटरी घेऊन पाणी किती चढलं ते बघायला गेला. मी रागावले. दुसऱ्या रात्री त्याच्याबरोबर गेले.

पैसे पुरेसे असते तर मुली पोती मागायला फिरल्या असत्या का, हा प्रश्न मला पडतो. पण म्हणून अनुदान कमीच असावं असं कुणी वर लिहून पाठवू नये. भाकरी दरवर्षी आणि दर गावात येतातच असं नाही. एका गावात आम्ही सात दिवस खिचडीवर काढले.

नव्यांसाठी दोनच गोष्टी. पावतीपुस्तक सोबत न्या आणि पाच हजारांवरच्या व्हाउचरसाठी रेव्हेन्यू स्टॅम्प आधीच घेऊन ठेवा, गावात मिळत नाहीत.

आणि फुकट आलेल्या वस्तूंचीही यादी ठेवा. त्या वर्षी हिशेब तपासणाऱ्यांनी श्रमदानाचा फोटो समोर धरून विचारलं, ‘मॅडम, यात दीड-दोनशे पोती दिसतायत. पोत्यांचं बिल कुठंय?’ बिल नव्हतं. सरपंचांकडून लेखी आणावं लागलं की पोती गावाने दिली. त्यांच्या लेटरहेडवर मोघम ‘पोती’ लिहिलं होतं, खाली कुणीतरी पेनाने भर घातली होती : ‘त्यातलं एक म्हशीचं.’