दुःखाचं उत्तर: ऑगस्टीन की आयरेनियस?

देव प्रेमळ आहे, तर तो वाईट घडू का देतो? ख्रिस्ती परंपरेत याची दोन वजनदार उत्तरं आहेत.

ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीन (354–430) म्हणतो, देवाने घडवलं ते सगळं चांगलंच. वाईट म्हणजे चांगल्याचा अभाव, आणि तो आला माणसाने स्वातंत्र्याचा गैरवापर केल्यामुळे. नागपुरात वर्धा रोडवर कुणी दारू पिऊन फुटपाथवर गाडी घातली, तर हे लगेच पटतं.

पण स्टीफन हिस्लॉप यांचं काय? नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे, तेच मिशनरी. 1863 च्या सप्टेंबरात टाकळघाटची प्राचीन दगडी वर्तुळं पाहून परतताना ते पूर आलेल्या नाल्यात बुडाले. इथे कुणाचं पाप शोधायचं? ऑगस्टीन पहिला माणूस आदाम याच्या पापाकडे बोट दाखवतो. मला ते फार लांबचं वाटतं. जन्मांध माणसाबद्दल विचारल्यावर येशूनेही त्याला किंवा त्याच्या आईबापांना दोष दिला नव्हता.

दुसऱ्या शतकातल्या बिशप आयरेनियसच्या मते माणूस अजून घडतोय, आणि धीर, करुणा अडचणीतूनच येतात. मेडिकल हॉस्पिटलच्या वॉर्डाबाहेर रात्र काढणारा नातेवाईक शेजारच्या अनोळखी बाईला डब्यातली अर्धी पोळी, भाजी काढून देतो, तेव्हा हे खरं वाटतं. पण आत तिचं तान्हं बाळ गेलं असेल, तर ते कुणाला घडवायला? हे उत्तर तिच्यासमोर बोलूच नये. बायबलमधल्या, सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्रही सात दिवस गप्प होते तोवर बरे होते.

तरी निवडायचंच तर मी आयरेनियसकडे झुकेन, तेही फक्त क्रूसामुळे. देव हे दुःख वरून बघत बसला नाही, येशूच्या रूपात स्वतः त्यात उतरला, आणि क्रूसावर येशूनेही ‘का?’ असंच विचारलं.