पिएरोपानची काल्वारिनो सोआवे: सांबारवडीसोबत घ्या, सावजीसोबत नको

मामेभाऊ ऑफिसच्या कामानं इटलीत वेरोनाला गेला होता, येताना पिएरोपान या वाइन करणाऱ्या घराण्याची काल्वारिनो ही व्हाइट वाइन घेऊन आला, आणि राजेहो, तेव्हापासून भेटेल त्याला मी हिच्याबद्दलच सांगतोय.

सोआवे हे वेरोनाच्या पूर्वेकडचं गाव, तिथल्याच ड्राय व्हाइट वाइनला सोआवे म्हणतात. द्राक्ष मुख्यतः गार्गानेगा, नियमानं किमान 70 टक्के तरी पाहिजेच, काल्वारिनोमध्ये बाकीचं त्रेब्बियानो दी सोआवे असते. पिएरोपान घराणं 1880 पासून वाइन करतंय आणि काल्वारिनो या एकाच मळ्याची वाइन ते 1971 पासून वेगळी भरतात. ओकच्या पिंपात ठेवत नाहीत, आतून काच लावलेल्या सिमेंटच्या टाक्यांत मुरवतात, म्हणून व्हॅनिला वगैरेचा वास अजिबात नाही.

मळ्याची जमीन ज्वालामुखीची, बेसाल्टची. म्हणजे आपल्या नागपूरच्या सेमिनरी हिल्सचा काळा दगड आहे ना, त्याच जातीचा, फक्त आपला लाव्हा दख्खनचा आणि त्यांचा तिकडचा. आता वाइन विकणारे सांगतात की दगडाची चव ग्लासात उतरते, ते मला पटत नाही, कारण मुळं काही दगड जसाच्या तसा द्राक्षात नेऊन ठेवत नाहीत, जमीन पाणी किती धरते, वेलीला किती पोसते, द्राक्ष किती सावकाश पिकतं यावर सगळा खेळ असतो. पण पिताना जिभेच्या कडेला खारटसर, ओल्या दगडासारखं काहीतरी लागतं हे खरं आहे, आणि मला तेच सगळ्यात आवडलं.

बाटली फ्रिजमधून काढली की लगेच पिऊ नका. नागपूरच्या उन्हाळ्यात सगळ्यांना बर्फगारच पाहिजे असते, पण तेवढी थंड असली तर नुसता आंबटपणा कळतो. ग्लासात ओतून थोडी थांबू द्या, 10-12 डिग्रीला आली की आधी लिंबाची साल, मग पांढऱ्या फुलांचा वास, आणि घोट गिळल्यावर शेवटी बदामाचा हलका कडवटपणा, तो गार्गानेगाचा खास.

जेवणाचं म्हणाल तर सांबारवडी, दुसरं काही शोधूच नका! बाहेरचं पातळ कुरकुरीत आवरण, आत सांबार म्हणजे आपली कोथिंबीर, खोबरं, खसखस, चारोळी, वरून लिंबू, गरम वडीचा घास आणि मागून हिचा घोट, तेल लगेच कापलं जाते आणि सांबाराचा वास अजून मोकळा होतो, चारोळी आणि तो शेवटचा बदाम तर एकमेकांसाठीच आहेत. झिंगा फ्रायसोबतही मस्त, मसाला बेतानं ठेवला तर. सावजीसोबत मात्र कृपा करून नको, काळ्या मसाल्यापुढे हिचं काहीच कळत नाही आणि अल्कोहोलनं तिखट अजूनच भडकते.

इम्पोर्टेड वाइन आपल्याकडे कर लागून महाग पडते, त्यामुळे कोणी तिकडून येणार असेल तर सांगून ठेवा. दुकानातून घ्याल तर उन्हाच्या काचेजवळ उभी ठेवलेली बाटली घेऊ नका, आतल्या थंड खोलीतली मागा. आणि उरली तर घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशीही छान लागते, आमच्याकडे तर वास अजून खुलला होता.