जॉर्डन की लेब्रॉन? माझं माप कुठे झुकतं

मुंबईत कुठल्याही बास्केटबॉल कोर्टाच्या कडेला पाच मिनिटं उभे राहा, हा वाद कानावर येतोच: अमेरिकेच्या एनबीए लीगमधला सर्वांत मोठा खेळाडू कोण, मायकल जॉर्डन की लेब्रॉन जेम्स? नागपाड्यात, माटुंग्याला इंडियन जिमखान्यात, कॉलेजच्या मैदानांवर, जिथे तिथे २३ नंबरची जर्सी दिसते, आणि ती लाल (जॉर्डनचं शिकागो) आहे की पिवळी (लेब्रॉनचे लेकर्स) यावरून पोरगा कुणाच्या बाजूचा ते कळतं. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये वरळीच्या डोममध्ये सॅक्रामेंटो आणि इंडियाना हे संघ येऊन खेळून गेले. ना शिकागो होतं ना लेकर्स, तरी प्रेक्षकांत २३ नंबर भरपूर होते. ज्यांनी अजून बाजू घेतलेली नाही, किंवा घेतलीय पण का घेतली ते धड सांगता येत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी बाकीच्यांबद्दल. बिल रसेलच्या नावावर १३ मोसमांत ११ अजिंक्यपदं आहेत, विल्ट चेंबरलेनने १९६२ साली एका सामन्यात १०० गुण केले, करीम अब्दुल-जब्बार सहा वेळा एमव्हीपी (मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू) ठरला आणि तेवढ्या वेळा दुसरं कुणीच ठरलेलं नाही. यांच्यापैकी कुणाचं नाव कुणी घेतलं तर मी अडवत नाही. पण त्यांचे सामने मी सलग पाहिलेले नाहीत, आणि न पाहिलेल्या खेळाबद्दल मी हिरिरीने बोलू शकत नाही. उरले दोघं. त्यांची अजिंक्यपदं आणि एमव्हीपी तुम्हाला पाठ असतील, तो पाढा पुन्हा म्हणत नाही.

जॉर्डनची खरी ताकद कोणती विचारलं की लोक शॉट म्हणतात. मला विचाराल तर डिफेन्स. १९८७-८८ च्या मोसमात सर्वाधिक गुणांची सरासरी त्याची, एमव्हीपी तोच, आणि सर्वोत्तम बचावपटूचा किताबही त्यालाच. १९९८ च्या फायनलचा सहावा सामना काढून बघा. यूटाचं कोर्ट, शिकागो एका गुणाने मागे, विसेक सेकंद उरलेले, बॉल यूटाच्या कार्ल मलोनकडे. सगळीकडे दाखवतात तो त्यानंतरचा शॉट. यूटाचा ब्रायन रसेल घसरतो आणि शॉट सुटल्यावरही जॉर्डनचा हात तसाच वर राहतो, तो. मी मात्र त्याच्या आधीचे सेकंद परत परत बघत आलोय. मलोन शिकागोच्या रॉडमनला पाठ लावून पोस्टमध्ये, म्हणजे बास्केटजवळ, उभा आहे. जॉर्डन ज्याला गार्ड करतोय तो हॉर्नासेक पलीकडे पळतो. एरवी त्याच्यामागे जायला हवं. जॉर्डन जात नाही. बेसलाइनच्या (बास्केटमागच्या रेषेच्या) बाजूने, मलोनच्या नजरेआडून तो येतो आणि एका फटक्यात बॉल काढून घेतो. टाइमआउटही घेत नाही. ५.२ सेकंद शिल्लक, ८७-८६. वय ३५, त्या रात्रीचे गुण ४५. मलोन बॉल खाली धरणार हे त्याला आधीच कळलं होतं, असं ते बघताना मला दर वेळी वाटतं.

लेब्रॉनचा तसाच क्षण म्हणजे २०१६ चा सातवा सामना. समोर मोसमात ७३ सामने जिंकलेला गोल्डन स्टेट, मालिका १-३ वरून ३-३ वर आणलेली, स्कोअर ८९-८९, दोन मिनिटांहून कमी वेळ. लेब्रॉनच्या क्लीव्हलँड संघातल्या आयर्विंगचा शॉट हुकतो. गोल्डन स्टेटचा इग्वोडाला रिबाउंड (हुकून परत आलेला बॉल) घेऊन करीला देतो, करी परत त्यालाच, आणि बास्केटपाशी क्लीव्हलँडचा एकटा जे. आर. स्मिथ. लेब्रॉन खूप मागे असतो. स्मिथ आडवा येतो म्हणून इग्वोडालाला हवेत बॉल किंचित सांभाळावा लागतो, आणि तेवढ्या अवधीत लेब्रॉन मागून झेपावून बॉल बॅकबोर्डवर दाबतो. (या ब्लॉकचं थोडं श्रेय स्मिथला द्यायला हवं, ते कुणी देत नाही.) पुढे आयर्विंगचा थ्री (तीन गुणांचा शॉट) पडला आणि क्लीव्हलँड ९३-८९ ने जिंकलं. त्या मालिकेत दोन्ही संघांत मिळून गुण, रिबाउंड, असिस्ट (गुण मिळवून देणारे पास), स्टील (हिसकावलेले बॉल) आणि ब्लॉक, पाचही बाबतींत पहिला लेब्रॉनच होता. आपल्याकडे सोमवारची सकाळ होती, ऑफिसची वेळ टळून गेली होती, मी जागचा हललो नाही.

आता एक फरक, जो माझ्या पिढीने लक्षात ठेवला पाहिजे. जॉर्डन आमच्यापर्यंत तुकड्यांत आला. केबलवरचे हायलाइट्स, कुणीतरी परदेशातून आणलेली कॅसेट, भिंतीवरचं पोस्टर. तुकड्यांत माणूस चुकत नाही. लेब्रॉन आम्ही पूर्ण सामन्यांत पाहिला, पहाटे उठून, त्याच्या वाईट रात्रींसकट. २०११ ची डॅलसविरुद्धची फायनल आठवली की आजही वाईट वाटतं. चौथ्या सामन्यात त्याने फक्त आठ गुण केले आणि मोक्याच्या वेळी बॉल नकोच असल्यासारखा खेळला. त्याच्या कारकिर्दीवरचा तो डाग आहे, झाकायचं कारण नाही. पण मग जॉर्डनचेही सामने पूर्ण बघावेत. १९९६ ची फायनल शिकागोने ज्या रात्री जिंकली, त्या रात्री त्याचे १९ पैकी ५ शॉट पडले होते. वर सांगितलेल्या १९९८ च्या सामन्यात ३५ पैकी १५. यामुळे तो लहान होत नाही. उलट मला तो जास्त खरा वाटतो.

माझं माप झुकलं ते मात्र एका त्राग्यामुळे. ‘सहापैकी सहा.’ जॉर्डन फायनलमध्ये सहा वेळा गेला, सहाही जिंकला, लेब्रॉन दहा वेळा गेला, चार जिंकला, सहा हरला, विषय संपला. कट्ट्यावर हे वाक्य टाकलं की समोरच्याने गप्प बसायचं असतं. मला हे इतक्या वेळा ऐकवलं गेलंय की मी एकदा शांतपणे त्याचा हिशेब मांडला. जॉर्डनचा संघ १९८५, ८६ आणि ८७ मध्ये पहिल्याच फेरीत गेला, त्यात दोनदा बोस्टनने ३-० ने घालवला. पुढची तीन वर्षं डेट्रॉइटने रस्ता अडवला. १९९५ मध्ये तो परत आला तेव्हा ऑर्लँडोने दुसऱ्या फेरीत हरवलं. हे सगळे पराभव ‘सहापैकी सहा’ मध्ये कुठेच धरलेले नाहीत, कारण ते फायनलच्या अलीकडचे. लेब्रॉन मात्र २०११ ते २०१८ सलग आठ वर्षं फायनलला पोचला आणि तिथे हरला तेवढंच मोजलं जातं. म्हणजे ज्या सहा वर्षी तो फायनल हरला, त्या वर्षी दुसऱ्या फेरीतच हरला असता तर आज ‘चारपैकी चार’ म्हणून मिरवला असता. हे कसलं मोजमाप? आपल्या गल्लीतल्या नाइट टुर्नामेंटमध्येसुद्धा उपविजेत्याला कप देतात, पहिल्या फेरीत गारद झालेल्याला नाही.

आणि या वाक्याने जॉर्डनवरही अन्याय होतो असं मला मनापासून वाटतं. डेट्रॉइटच्या दणकट बचावाकडून मार खाल्ल्यावर त्याने अंगात ताकद भरली, सहकाऱ्यांवर भरवसा टाकायला शिकला, आणि १९९१ मध्ये त्याच डेट्रॉइटला ४-० ने बाहेर काढलं. त्याच्या गोष्टीतला सगळ्यात देखणा भाग तो. ‘सहापैकी सहा’ म्हणणारे नेमका तोच पुसून टाकतात.

काळाच्या फरकावर फार बोलत नाही. तेव्हा हाताने अडवायला जास्त मोकळीक होती, आता झोन डिफेन्सला (माणसाऐवजी जागा राखायला) परवानगी आहे, थ्रीचा खेळ वाढलाय. दोन्हीकडून तेवढंच बोलता येतं आणि हाती काही लागत नाही.

त्यापेक्षा मी स्वतःच्या गुडघ्यांवर जास्त विश्वास ठेवतो. मुंबईतली कितीतरी कोर्टं सिमेंटची. पस्तिशीनंतर त्यावर रविवारी सकाळी दोन गेम खेळले की सोमवारी स्टेशनचा जिना चढताना कळतं काय झालंय ते. माझ्याबरोबर खेळणारे, माझ्यापेक्षा कितीतरी चांगले असलेले, एकेक करून थांबले. कुणाचा घोटा, कुणाची कंबर. म्हणून ३८ व्या वर्षी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, लेब्रॉनने करीमचा ३८,३८७ गुणांचा विक्रम मागे टाकला, पुढच्या मोसमात पुन्हा सामन्यागणिक २५ च्या वर गुण केले, आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तो स्वतःच्या मुलाबरोबर एकाच संघातून कोर्टवर उतरला, तेव्हा मला तो नुसता आकडा वाटला नाही. टिकून राहणं हेही कौशल्य आहे आणि ते रोज कमवावं लागतं. इथे जॉर्डनबद्दलही सांगायला हवं. वॉशिंग्टनकडून खेळताना, ज्या मोसमात तो चाळीस वर्षांचा झाला, त्यात तो ८२ च्या ८२ सामने खेळला. फक्त, मध्ये दोनदा तो खेळ सोडून गेला होता, हेही खरं.

दुसरी गोष्ट पासची. आमच्या कोर्टवर सकाळी शाळकरी पोरं येतात, त्यांना मी जमेल तसं शिकवतो. ज्या पोराच्या डोक्यात जॉर्डन असतो तो बॉल हातात आला की तोंड बास्केटकडे करतो, दोन ड्रिबल, मागे झुकून फेडअवे. बाकीचे चौघं उभे. दोष जॉर्डनचा नाही. १९९१ मध्ये पॅक्सन आणि १९९७ मध्ये कर्र या सहकाऱ्यांना निर्णायक वेळी त्यानेच पास दिले होते. पण पोरं ते उचलत नाहीत. लेब्रॉन बघणारा पोरगा कोपऱ्यात कोण मोकळा होणार ते बघायला लागतो. मोकळा झालेला नव्हे, होणार असलेला. लेब्रॉन कोर्टच्या या टोकावरून त्या कोपऱ्यात बॉल फेकतो तेव्हा शूटर अजून पोचलेला नसतो. बॉल आणि तो एकदमच पोचतात. एका मुलाने महिनाभर तो पास घोटला. जमला त्या दिवसापासून त्याच्या बाजूचे चौघं धावायला लागले, कारण बॉल येईल याची त्यांना खात्री झाली. २०१९-२० मध्ये, पस्तिशीत, लेब्रॉन लीगमध्ये असिस्टच्या सरासरीत पहिला होता.

तर, शेवटच्या मिनिटाला एक शॉट हवा आणि तो कुणाच्या हातात द्यायचा एवढाच प्रश्न असेल, तर जॉर्डन घ्या. मीही बहुधा त्यालाच देईन. पूर्ण सामना, पूर्ण मोसम, वीस वर्षं, आणि बरोबर जे कुणी मिळतील ते चौघं घेऊन खेळायचं असेल, तर मी लेब्रॉनकडे जातो. थोड्याच फरकाने, पण जातो.

ठरवण्याआधी तीन सामने पहिल्या मिनिटापासून बघा. १९९८ चा सहावा आणि २०१६ चा सातवा सांगितलेच. तिसरा २००७ चा, ईस्टर्न कॉन्फरन्सच्या फायनलमधला (एनबीए फायनलच्या आधीची फेरी) डेट्रॉइटविरुद्धचा पाचवा सामना: लेब्रॉन २२ वर्षांचा, दुहेरी ओव्हरटाइम, १०९-१०७, आणि क्लीव्हलँडचे शेवटचे २५ गुण त्याच्या एकट्याचे. पुढे फायनलमध्ये सॅन अँटोनियोने त्यांना ४-० ने हरवलं. त्या संघात त्याच्याबरोबर कोण कोण होतं ते नीट बघून ठेवा, आणि ‘सहा हरला’ म्हणताना त्यातला एक पराभव हा आहे, हे समोरच्यालाही सांगा.