छापून घ्यावं, की चौकोन टाकावेत?

गाडगेबाबा, तुकडोजी महाराज किंवा बाबासाहेब यांचं चित्र काढून द्या, अशी मागणी खेड्यातल्या हौशी चित्रकाराकडे हमखास येते. तेव्हा फोटो सरळ छापून (म्हणजे रेघा गिरवून कागदावर उतरवून) घ्यायचा की चौकोन टाकून (फोटोवर आणि चित्राच्या जागेवर सारख्याच संख्येचे चौकोन आखून) वाढवायचा, हे चित्र केवढं आणि कशावर काढायचं त्यावर ठरतं.

त्याआधी फोटो तपासा. भिंतीवरच्या तसबिरीचा फोटो खालून मोबाइलने काढला की कपाळ आखूड आणि हनुवटी रुंद येते. मग छापा नाहीतर चौकोन टाका, चूक तशीच उतरते. तसबीर सावलीत जमिनीवर ठेवा, मोबाइल आडवा समांतर धरा आणि चौकटीच्या समोरासमोरच्या कडा स्क्रीनवर समांतर दिसल्या की मगच क्लिक करा.

ए-थ्रीपर्यंतच्या कागदाला छापणं बरं. ए-फोर फोटो झेरॉक्सवर १४१ टक्के केला की ए-थ्री होतो. गिरवायला निळा कार्बन पेपर मात्र नको. त्याची रेघ मेणचट असते, खोडरबरने जात नाही आणि जलरंगातल्या फिक्या कातडीखालून निळी दिसत राहते. त्यापेक्षा झेरॉक्सच्या पाठीवर ६बी ही मऊ, गडद पेन्सिल आडवी घासा, कापसाने सारखी करा, जास्तीची पूड झटकून टाका. झेरॉक्स चित्राच्या कागदावर ठेवून वरच्या कडेलाच टेप लावा, म्हणजे खालून उचलून बघता येतं. लाल बॉलपेनने गिरवलं तर कुठली रेघ झाली ते कळतं. हात मात्र हलका ठेवा. जोर दिला की कागदाला चर पडते, तिच्यात जलरंग साचतो आणि रेघ गडद उमटते.

खिडकीच्या काचेवर धरून गिरवणं पातळ कागदालाच जमतं, ३०० जीएसएमच्या जाड कागदातून नीट दिसत नाही. लाइट पॅड (खालून उजेड देणारी सपाट पाटी) पॉवर बँकेवर चालतो, त्यामुळे लाइन गेली तरी काम अडत नाही. बटर पेपर पावसाळी दमटपणाने फुगतो, खुणा सरकतात.

छापताना सगळंच छापू नका. डोळ्यांचे कोपरे, बुबुळं, नाकपुड्या, ओठांची मधली रेघ आणि चष्मा एवढं पुरे. बाबासाहेबांच्या चष्म्याचे दोन गोल चौकोनांतून काढताना हमखास वेगवेगळे होतात, तिथे छापणंच चांगलं. याउलट गाडगेबाबांच्या दाढीची कड छापली की दाढी चिकटवल्यासारखी दिसते. तिथे चार ठिपके द्या आणि कड ब्रशने सोडवा.

कॅनव्हास मोठा असेल तर चौकोनच. फोटो २० × २८ सेंमी आणि कॅनव्हास ५० × ७० असेल, तर फोटोवर २ सेंमीचे आणि कॅनव्हासवर ५ सेंमीचे चौकोन टाका, दोन्हीकडे १० × १४. हाच फोटो ६० × ९० वर ताणला तर चेहरा लांबतो, म्हणून आधी दोन्हीकडे लांबीला रुंदीने भागा आणि उत्तर सारखं येतं का बघा. कॅनव्हासचे दोन्ही कर्ण मोजा, सारखे नसले तर कोपरे काटकोनात नाहीत. चेहऱ्यावरच्या चौकोनांचे आणखी चार-चार भाग करा. पेन्सिलची पूड पांढऱ्या रंगात मिसळून राखाडी होते, तेव्हा कॅनव्हासवर रेघा आखण्यापेक्षा कडेला टाचण्या ठोकून दोरा ताणलेला चांगला. यात वेळ जास्त जातो, पण अंतरं डोळ्याने मोजायची सवय लागते. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसणाऱ्यांनी चौकोनांचाच सराव धरावा, कारण वस्तुचित्राला छापायला काही नसतं.

भिंतीची गोष्ट वेगळी. पोळ्याला शाळेच्या भिंतीवर एकसारखे बैल हवे असतील तर खाका, म्हणजे भोकं पाडलेला नमुन्याचा कागद, करा. जाड खाकी कागदावर बैल काढा, खाली घोंगडी घालून रेघेवर ४-४ मिमीवर सुईने भोकं पाडा. गेरू वस्त्रगाळ करून मलमलच्या पोटलीत बांधा आणि खाका भिंतीला लावून त्यावर ती हलकेच आपटा. घासलात तर पूड कागदाखाली शिरते आणि ठिपके फिसकटतात. गडद भिंतीला गेरूऐवजी खडूची पूड घ्या. ठिपके ब्रशने जोडून झाले की सुक्या फडक्याने झटका. जोडीतला दुसरा बैल समोरासमोर हवा असेल, तर कागदाची पुढची बाजू झटकून घ्या आणि तोच खाका उलटा लावा.